पलीकडचे कोयते

“अक्का, नवऱ्याचा धंदा काय?” दुकानदार बसलिंगाप्पानं विचारलं.

मी कोयता हातात घेऊन पात्यावर नखानं टिचकी मारली होती आणि कान लावून आवाज ऐकला होता. तिथंच फसले. घरच्या कामाला कोयता घेणारी बाई टिचकी मारत नाही, मूठ बघते आणि भाव पाडून मागते.

“शेती,” मी म्हणाले.

“किती पायजे कोयते?”

“पंधरा.”

“पंधरा कोयत्याची शेती!” तो हसला. “मोठी हाय हं.”

संकेश्वरच्या बाजारातलं ते दुकान लांबट आणि अंधारं होतं. दोन्ही भिंतींना घमेली, खुरपी, टिकाव, कुऱ्हाडी, सगळं नवंकोरं, सगळ्यांना निळा रंग. वरच्या पाटीवर कानडी अक्षरं. आमच्या भागातले लोक हद्द ओलांडून इथं यायचे ते एवढ्यासाठीच, की आमच्याकडं ज्याला पन्नास पडायचे ते इथं पस्तिसात मिळायचं. आमच्या गावातनं बसनं पाऊण तास. मी मात्र पहिल्यांदाच आले होते. लोहाराची बायको हत्यार विकत घ्यायला कशाला जाईल?

बसलिंगाप्पानं कोयते मोजून पोत्यात घातले. तोंड बांधताना म्हणाला, “स्वस्त हाय, पण वंगाळ न्हाई. मशिनीचा माल हाय. एक हंगाम बिनघोर चालतंय. धार गेली तर कानस मारा, दगडावर घासा. एक मात्र ऐका अक्का. लोहाराकडं शेवटायला, म्हंजे तापवून ठोकायला, देऊ नका. ह्येला कारखान्यातनंच पाणी देऊन आणल्यालं असतंय. पुन्यांदा आगीत घातलं की काच हुतंय, काच.”

लाल तापलेलं पातं पाण्यात बुडवून कडक करायचं, त्याला पाणी देणं म्हणतात. मला राग आला. पोत्यानं लोखंड आणून पोत्यानं विकणारा हा माणूस, आणि मला आग शिकवत होता. मी पोतं डाव्या हातानं उचललं आणि खाली उतरले.

हे बसस्टँडच्या भिंतीला टेकून उभे होते, दुकानाकडं पाठ करून. हे म्हणजे माझा नवरा, सातापा लोहार. तीन ठिपक्यांचा सातापा म्हटलं की गडहिंग्लज भागातल्या पंधरा-वीस गावांत लोकांना कळायचं. ह्यांच्या आज्यानं पाडलेला तो ठसा, कोयत्याच्या बुडाशी तीन ठिपके. तो कोयता घेतला की माणूस धार बघायचा नाही, ठिपके बघायचा आणि पैसे द्यायचा.

“मिळालं?” ह्यांनी विचारलं.

“मिळालं.”

“काय म्हणला दुकानदार?”

“काय म्हणंल? पैसे घेतले.”

ह्यांनी पोतं माझ्या हातातनं घेतलं आणि एका बाजूनं जरा उघडून आत बघितलं. मग पुन्हा गाठ मारली. “कुंभारानं गाडगं इकत आणावं तसं झालं बघ,” म्हणाले आणि पोतं खांद्यावर टाकलं.

हे सगळं माझ्या खांद्यामुळं झालं होतं.

आमच्यात घण बाई मारते. नवरा डाव्या हातानं सांडशीत तापलेलं लोखंड ऐरणीवर धरतो आणि उजव्या हातातल्या लहान हातोडीनं टक् करून जागा दाखवतो. त्याच जागेवर बायकोनं घण घालायचा. टक्, धाड. टक्, धाड. लग्न होऊन आले तेव्हा सासू म्हणाली होती, स्वयंपाक नंतर शीक, आधी ह्याची हातोडी वळखायला शीक. बावीस वर्षं मी ती हातोडी ओळखत होते. भांडण झालेलं असलं तरी मेटात उभं राहिलं की आमचं चुकायचं नाही. मेट म्हणजे आमची काम करायची जागा, घराच्या पुढंच, वर पत्रा आणि तीन बाजू मोकळ्या.

त्या वर्षी दसऱ्यानंतर गावच्या ऊसतोड टोळीचे चोवीस कोयते करायचे होते. दरवर्षीचंच काम. नववा कोयता झाला आणि दहाव्याला मी घण उचलला, तो डोक्याच्या वर गेलाच नाही. खांद्यात काहीतरी तुटल्यासारखं झालं आणि घण माझ्या पायाशेजारी पडला. डॉक्टर म्हणाला, सहा महिने हात वर न्यायचा नाही. आमची शेजारीण आनसा रोज दुपारी येऊन तेल चोळून जायची. तीही टोळीत होती, नवरा-बायको दोघं ऊस तोडायचे. चोळता चोळता म्हणायची, “मालूवैनी, माझा कोयता तेवढा झालाय न्हवं? मग तुझा खांदा न्हाई बरा झाला तरी चालतंय.” आणि खो खो हसायची.

तिचा झाला नव्हता. पंधरा राहिले होते. दुसरं कोण घण मारणार? दीर इचलकरंजीला यंत्रमागावर कामाला गेलेला. ह्यांनी एक गडी लावून बघितला, त्यानं पहिल्याच घावाला ह्यांची सांडशी वाकडी केली.

त्यात दौलू मुकादम येऊन बसला. दौलू हा टोळीचा म्होरक्या, माणूस वाईट नव्हता. “सातापा, दिवाळी झाली की फडात शिरायचं हाय. तुझ्याच्यानं हुईत नसंल तर सांग. पोरं म्हणाल्यात संकेश्वरासनं आणूया. मीच थांबवलंय त्यास्नी.”

“हुतंय,” हे म्हणाले.

दौलू गेला. आम्हा दोघांनाही कळत होतं. टोळी एकदा पलीकडनं कोयते घेऊन आली की पुन्हा आमच्याकडं यायची नाही. कुऱ्हाडी, खुरपी, नांगराचे फाळ ह्या सगळ्यांसाठी लोक आधीच तिकडं जात होते. कोयता तेवढा राहिला होता. कोयता गेला की मेट गेलं.

तेव्हा मीच म्हटलं, “तिकडनं आपणच आणूया. पंधराच तर हायत. ठसा मारून देऊया.”

ह्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी ह्यांना दुसरं लग्न करा म्हणाले असते तरी तसं बघितलं नसतं.

“लबाडी हाय ती, मालू.”

“एक वरीस. फुडच्या वरसाला माझा हात बरा हुईल.”

दोन दिवस हे नुसते जेवले आणि झोपले. तिसऱ्या दिवशी मी भाकरी थापताना हात वर नेला आणि ओरडले. हे दारात उभे होते. म्हणाले, “चल. पर दुकानात मी येणार न्हाई.”

अशी ती गोष्ट. माझीच कल्पना, माझाच खांदा.

परत आल्यावर मेटाच्या तिन्ही बाजूंना तरटं बांधली. भरदिवसा लोहाराचं मेट झाकलेलं कुणी बघितलं नव्हतं, त्यामुळं येणारा जाणारा विचारायचा. मी सांगायची, “वारं लागतंय खांद्याला.” चोराच्या मनात चांदणं. एरवी ज्याला कुत्रं विचारत नाही त्या मेटात कोण डोकावतंय म्हणून मी दिवसभर पाळत ठेवून होते.

ह्यांनी मुठी काढल्या, निळा रंग खरवडला. मग भट्टी पेटवायला घेतली.

मला वाटलं होतं, ठसा गारच मारतील. पण कोयता कडक, गार पात्यावर ठसा उमटत नाही, हे मलाही माहीत असायला हवं होतं. मी म्हटलं, “नुसतं बूड तापवा की. पात्याला वलं फडकं गुंडाळून धरा. ठशापुरतं तर पायजे.”

“आणि पात्याचं काय?”

“पातं हाय तसं असू दे. मशिनीचं पाणी असतंय त्येला.”

हे भट्टीजवळनं उठले. माझा खांदा गेल्यापासून पहिल्यांदाच मला ह्यांचा आवाज नेहमीसारखा ऐकू आला. “ज्येला माझं पाणी न्हाई, त्येच्यावर माझा ठसा न्हाई. घाट मशिनीचा असू दे. लोखंड त्येंचं असू दे. पर समदं तापवून, माझ्या हातानं पाणी देऊन मगच ठसा मारणार. म्हंजे निदान निम्मी तरी वस्तू आपली. निम्मी लबाडी कमी हुईल.”

तेव्हा सांगायचं होतं. तोंडात आलं होतं, दुकानदार असं असं म्हणाला. पण इतके दिवस खांदे पाडून बसलेला हा माणूस आता ताठ उभा राहिला होता. तो म्हणतोय त्यात त्याची अब्रू होती, आणि मी त्याला काय सांगणार, की एक लोखंड विकणारा वाणी म्हणतो तुझं पाणी चालायचं नाही? आणि खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. आज्यापासूनचं पाणी ते. त्या बसलिंगाप्पाला काय कळतंय. मी डाव्या हातानं भाता ओढायला लागले.

तीन दिवस काम चाललं. पाती पातळ होती, भट्टीत घातली की चटकन लाल व्हायची. हे म्हणाले, “पाट्याचं लोखंड न्हवं हे, लई हावरं हाय.” आम्ही नेहमी ट्रकच्या जुन्या पाट्यापासनं कोयते करायचो, त्याची चाल ह्यांच्या हातात बसलेली. ह्याचा रंग ओळखायला ह्यांना दोन-तीन कोयते गेले. ठसा मारायचा, पुन्हा तापवायचं, रंग बघायचा, पाण्यात बुडवायचं. बाभळीच्या मुठी आधीच तासून ठेवल्या होत्या. पहिला कोयता तयार झाल्यावर ह्यांनी मागच्या दारची एरंडाची फांदी एका घावात उडवली. मग बाभळीचीही. पात्यावर टिचकी मारली आणि माझ्या कानाशी धरलं.

“वाजतंय का बघ.”

वाजत होतं. उलट आमच्या नेहमीच्या कोयत्यापेक्षा जास्तच खणखणीत. हे हसले. “झाला आपला.” त्या रात्री भाकरी एक जास्त खाल्ली.

चोवीस कोयते आम्ही दारात मांडले. नऊ आमचे, पंधरा पलीकडचे. कुठले कुठले ते मलासुद्धा लांबून कळेना. टोळीतले येऊन एकेक उचलून गेले. आनसानं चार-पाच उलटेपालटे केले आणि एक घेतला. “हलका हाय गं ह्यो. मला बरा पडंल.” मी बघत राहिले. हलका म्हणजे कुठला, ते मला कळलं होतं.

फड सुरू झाला त्याच्या तिसऱ्या दिवशी, दहाच्या सुमाराला, दौलूचा भाऊ सायकलवरनं आला. मी दारात तांदूळ निवडत होते. तो उतरलासुद्धा नाही. “सातापादा कुठं हाय? आनसीच्या डोळ्यात कोयत्याचा तुकडा गेलाय. गडहिंग्लजला न्हेलंय.”

हे आतनं आले, पायात चप्पल न घालता तसेच निघाले.

ऊस बुडातनं तोडावा लागतो, मातीला लागून. तिथं दगड असतोच. कोयता दगडावर बसला की धार मोडते, फार तर पातं वाकतं. आमच्या कोयत्याचं तेवढंच व्हायचं. आनसाचा कोयता दगडावर बसला आणि बोटाएवढा तुकडा उडाला. डावा डोळा.

गडहिंग्लजहून तिला मिरजेला हलवलं. चार दिवसांनी मी एकटीच गेले. ह्यांना मी नको म्हणाले होते, पण हे तसेही येणार नव्हते. खाटेवर ती पट्टी बांधून बसली होती. मला बघून तिनं हात पुढं केला, खरं तर मीच तिला सावरायला पाहिजे होतं, पण तिनंच विचारलं, “खांदा कसा हाय?”

मी रडायला लागले.

“रडू नगंस. डोळा न्हाई म्हणाल्यात डॉक्टर. दुसरा हाय की.” मग म्हणाली, “दुसरा कसला कोयता असता तर मी दगडाच्या जागंला जपून वार घातला असता, वैनी. ठिपकं हुतं म्हणून निवांत घातला.”

तिनं ते मला दोष द्यायला म्हटलं नव्हतं. म्हणूनच ते मला सोसलं नाही. मी सांगू शकले असते, अगं तो आमचा कोयता नव्हताच. आणि मग काय सांगितलं असतं? मी तिचे पाय दाबत बसले आणि चारची बस धरून परत आले.

घरी आले तर दारात कोयते पडले होते. टोळीनं परत आणून टाकलेले. मी मोजले नाहीत, पण ह्यांनी मोजले होते. तेवीस. त्यात दोन अजून मोडलेले होते.

“नऊ आपलं चांगलं हुतं,” मी म्हटलं. “तेबी परत दिलं?”

“ठसा सारखाच हाय न्हवं? त्यास्नी काय म्हाईत?”

“तुम्ही सांगितलं न्हाई? ह्यातलं नऊ आपण केल्यालं हायत म्हणून?”

“मग बाकीचं कुणी केलं म्हणून सांगू?” हे म्हणाले. “दौलूनं इचारलं, सातापा, असं कसं झालं? म्या म्हटलं, माझी वस्तू हाय, माझी चूक हाय. ठसा माझा म्हंजे वस्तू माझी.”

दौलूनं भांडण केलं नाही, शिवी दिली नाही. तो नुसता गेला आणि दुसऱ्या दिवशी टोळीतल्या दोघांना संकेश्वरला पाठवून चोवीस नवे कोयते घेऊन आला. ते फडावर निघाले तेव्हा आमच्या दारावरनंच गेले, कारण रस्ता तोच होता. निळ्या रंगाचे कोयते मला तरटाच्या फटीतनं दिसले. तरटं तोवर आम्ही काढली नव्हती.

भट्टी पेटली नाही. हे सकाळी उठून मेटात जाऊन बसायचे. लोक जाता येता रामराम करायचे, थांबायचे नाहीत. एकदा कुणीतरी म्हणालं, वय झालं की हात जातोच. त्यात वाईट काही नव्हतं, सहज बोलणं होतं. पण ह्यांचं वय तेव्हा सत्तेचाळीस.

हंगाम संपला, शिमगा झाला. टोळी फडातनं सुटली. एके दिवशी सकाळी आनसा आणि तिचा नवरा भिवा दोघं आमच्याकडं आले. ती आता एका डोळ्यानं सगळी कामं करायची, फक्त पाणी ओतताना भांड्याच्या बाहेर सांडायची. भिवाच्या खांद्याला कोयता अडकवलेला होता. आनसा ह्यांना म्हणाली, “दादा, तुम्ही असं बसून राहू नगासा. माझ्यामुळं तुमची भट्टी इझली असं लोक म्हणत्यात, मला ते आवडत न्हाई.” त्याच्यासाठी आली होती ती.

हे भिवाच्या खांद्याकडं बघत होते. मग म्हणाले, “भिवा, कोयता बघू.”

भिवानं संकोचून दिला. पाच महिने त्यानं त्याच कोयत्यानं ऊस तोडला होता. धार दगडानं घासून घासून पातं अरुंद झालं होतं, दोन-तीन ठिकाणी खाचे पडलेले. रंग उडाला होता, बुडाशी तेवढा निळा राहिला होता. ह्यांनी तो उलटा केला, सुलटा केला, पात्यावर अंगठा फिरवला. नखानं टिचकी मारली, कानाशी धरला.

“दगडावर बसला हुता का?”

“लई येळा,” भिवा म्हणाला. “वाकला एकदा. म्या पायाखाली घालून सरळ केला. मोडला मातर न्हाई.”

“टोळीतला कुणाचा मोडला?”

“न्हाई दादा. एकबी न्हाई.”

ह्यांनी कोयता दोन्ही हातांनी भिवाला परत दिला. आनसाला म्हणाले, “च्या घेऊन जावा.” चहा झाला, ती दोघं गेली. मी कपबश्या उचलत होते.

“मालू,” हे म्हणाले, “तसलाच कोयता हाय. आपण आणला तसलाच.”

“असंल.”

“त्येंच्याकडं मोडला न्हाई. आपल्याकडं मोडला.” हे ऐरणीकडं बघत बोलत होते. “त्या दुकानदारानं तवा तुला काय सांगितलं हुतं का? ह्येला असं करा, असं करू नगासा, असं कायतरी?”

कपबश्या माझ्या हातात होत्या. आता सांगितलं असतं तर हा माणूस माझ्यावर ओरडला असता, कदाचित हात उगारला असता, महिनाभर बोलला नसता. पण पुन्हा भट्टी पेटवली असती. कारण त्याला कळलं असतं की हात गेला नाही, चूक हाताची नाही, ती त्या लोखंडाची आणि माझ्या तोंडाची होती. हे मला त्या क्षणी सगळं स्पष्ट कळत होतं. आणि मला आनसाचा डोळा दिसत होता, आणि तो माझ्या नावावर लिहून घ्यायची माझी हिंमत झाली नाही.

“न्हाई,” मी म्हणाले. “काय न्हाई सांगितलं.”

ह्यांनी मान हलवली.

“मग पाणी माझंच गेलं,” हे म्हणाले.

पुढच्या बाजारी ह्यांनी ऐरण भंगारवाल्याला दिली. नंतर हे साखर कारखान्याच्या फाटकावर रखवालदार झाले आणि अकरा वर्षं तिथंच खुर्चीत बसून काढली. जाता येता कुणी विचारलं, सातापादा, चांगला कोयता कुठं मिळंल, तर हे बसलिंगाप्पाच्या दुकानाचा पत्ता सांगायचे. बसमधनं उतरल्यावर कुठल्या हाताला वळायचं, तेही सांगायचे. मी डबा घेऊन गेलेली असले तर तिथंच उभी असायची आणि ऐकायची.